‘बरे झाले’ म्हणजे किती दिवसांनी?

‘हा आजार आपोआप बरा होतो’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. तो थोडक्यात मांडता येणार नाही, म्हणून हे लांबलचक टिपण. मी वैद्य नाही. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेली, मोजमापावर पोट भरणारी संशोधक आहे, आणि माझा आक्षेपही मोजमापाचाच आहे. ‘बरा होतो’ हे विधान करणाऱ्याने किती मुले, किती काळ पाहिली, हे त्याच वाक्यात सांगितले नाही, तर ते विधान विज्ञानाचे नव्हे, सांत्वनाचे असते. सांत्वनाची गरज असते हे मला मान्य आहे. परंतु आपल्या विज्ञानवार्ता आणि आपली संशोधनव्यवस्था या दोघींनी सांत्वनालाच निष्कर्ष मानायची सवय लावून घेतली आहे, आणि तिची किंमत लहान मुले मोठी झाल्यावर मोजतात.

विषय आहे मुलांच्या त्वचेत दिसणाऱ्या रक्तवाहिनीदाहाचा. त्यातला सर्वांत नेहमीचा प्रकार असा : चार-सहा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, थोडा ताप येतो आणि जातो. आठ-पंधरा दिवसांनी पायांवर, नडग्यांवर, ढुंगणावर जांभळट-लाल ठिपके उमटतात. बोटाने दाबले तरी ते पांढरे पडत नाहीत, कारण तो नुसता लालपणा नसतो, केशवाहिन्यांतून बाहेर झिरपलेले रक्त असते. गुडघे किंवा घोटे सुजतात, पोटात कळा येतात. या आजाराला दीड शतक हेनॉख-शोनलाइन पुरपुरा म्हणत. २०१२ च्या चॅपल हिल परिभाषेपासून त्याचे नाव आयजीए व्हॅस्क्युलायटिस असे झाले. शोनलाइनने १८३७ मध्ये ठिपके आणि सांधे यांची जोडी नोंदवली, हेनॉखने पुढे पोट आणि मूत्रपिंड जोडले. त्या दोघांच्याही आधी, १८०१ मध्ये वारलेल्या विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याच्या टिपणांत पायांवर ठिपके, पोटात कळा आणि रक्ताळलेली लघवी असलेला पाच वर्षांचा मुलगा आहे. मूत्रपिंडाचा धागा अशा रीतीने पहिल्यापासूनच कागदावर होता.

यंत्रणा आज बऱ्यापैकी कळली आहे. घशातल्या किंवा श्वसनमार्गातल्या संसर्गानंतर शरीर आयजीए नावाची प्रतिपिंडे बनवते. हा संसर्ग अनेकदा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा असतो, पण नेहमीच नव्हे. काही मुलांत या प्रतिपिंडांवरची साखरेची साखळी अपुरी राहते, शरीर तिलाच परके समजते, आणि त्यातून तयार झालेली संयुगे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकून तेथे दाह पेटवतात. ठिपके पायांवरच जास्त का, याचे उत्तर माझ्या विषयात सापडते : उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या वाहिन्यांवर रक्तस्तंभाचा दाब सर्वाधिक असतो. मूत्रपिंडातील गाळण्याही अशाच बारीक, अधिक दाबाखाली काम करणाऱ्या वाहिन्यांच्या गुंडाळ्या आहेत. त्वचा आपला दाह डोळ्यांना दाखवते आणि काही आठवड्यांत झाडून टाकते. मूत्रपिंड काहीच दाखवत नाही.

येथे भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षातली एक आकृती आठवा. अनेक रोध समांतर जोडले आहेत आणि एकूण प्रवाह ठरलेला आहे. त्यातले काही रोध जळाले तर उरलेल्यांतून जास्त प्रवाह वाहतो, ते तापतात आणि यथावकाश तेही जळतात. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. लहानपणी त्यांतल्या काही निकामी झाल्या तर उरलेल्या जास्त काम उपसतात आणि नेहमीच्या रक्ततपासणीत सगळे आलबेल दिसते. या अतिकामानेच उरलेल्या गाळण्या झिजतात, ही मांडणी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केली. म्हणून मुलाच्या मूत्रपिंडाला झालेल्या इजेचे बिल पंचवीस-तीस वर्षांनी येऊ शकते, आणि तोवर मूळ पावती कोणाकडेच नसते.

आता आकडे. २००५ मध्ये नारची यांनी बारा अभ्यासांतील ११३३ मुलांची माहिती एकत्र केली. ३४ टक्के मुलांच्या लघवीत काही ना काही बिघाड सापडला. ज्यांच्यात तो व्हायचा होता, त्यांपैकी ८५ टक्क्यांत पहिल्या चार आठवड्यांत आणि ९७ टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत झाला. ज्यांची लघवी निर्दोष राहिली, त्यांपैकी एकाही मुलाच्या मूत्रपिंडाला कायमची इजा झाली नाही. ज्यांच्या लघवीत फक्त थोडे रक्त वा प्रथिन होते, त्यांपैकी १.६ टक्क्यांना झाली. ज्यांना सुरुवातीलाच मूत्रपिंडदाहाची तीव्र लक्षणे होती, अंग सुजले होते, प्रथिने मोठ्या प्रमाणात गळत होती, त्यांच्यात हे प्रमाण १९.५ टक्के निघाले. सगळ्या मुलांचा एकत्रित हिशेब १.८ टक्के.

‘आपोआप बरा होतो’ म्हणणाऱ्यांचा सगळा भर या शेवटच्या आकड्यावर असतो. अठ्ठ्याण्णव टक्के सुखरूप, मग कशाला घाबरवता? परंतु हीच सरासरी फोडली की तिच्या पोटात दोन अगदी वेगळे समूह निघतात. एकाला धोका शून्याजवळ, दुसऱ्याला पाचात एक. कोणते मूल कोणत्या समूहात आहे हे ओळखण्याचे साधन आहे लघवीत बुडवायची एक कागदी पट्टी आणि रक्तदाब मोजायचे यंत्र. हे साधन कोणत्याही गल्लीतल्या दवाखान्यात मिळते. सहा महिने, सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग दर महिन्याला, हे तपासणे एवढाच तो कार्यक्रम. त्यात न भूतो न भविष्यति असे काही नाही. सहा महिने लघवी स्वच्छ राहिली तर आईबापांना खरोखर निर्धास्त करता येते, आणि ते निर्धास्त करणे पुराव्यावर उभे असते. तपासणी न करता ‘काळजी करू नका’ म्हणणे आणि तपासणी करून ‘काळजी करू नका’ म्हणणे, या दोन वाक्यांतले शब्द सारखे आहेत. त्यांचे मोल सारखे नाही.

ज्यांच्या मूत्रपिंडाला झळ लागली, त्यांची पुढची कथा १९९२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आहे. गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये लहानपणी हा मूत्रपिंडदाह झालेल्या ७८ जणांना सरासरी २३ वर्षांनी पुन्हा गाठले. सुरुवात तीव्र झालेल्यांपैकी ४४ टक्क्यांना रक्तदाब तरी होता किंवा मूत्रपिंडाचे काम तरी मंदावले होते. मधल्या काळात १७ जणांची प्रकृती ढासळली होती, आणि त्यांपैकी सात जण आधी ‘पूर्ण बरे’ म्हणून नोंदले गेले होते. या गटातील स्त्रियांच्या पूर्ण दिवसांच्या ४४ गर्भारपणांपैकी १६ मध्ये रक्तदाब वाढला वा लघवीतून प्रथिने गेली, आणि हे आजार जागा असल्याचे कोणतेही चिन्ह नसतानाही घडले. ही सगळी माणसे मोठ्या रुग्णालयांत पोचलेली, म्हणजे मुळातच जास्त आजारी, हे मी विसरलेले नाही. तेथील टक्केवारी सरसकट सर्वांना लावणे चूक ठरेल. परंतु ते सात जण तरी टक्केवारीचे नाहीत. कोणीतरी त्यांच्या नावापुढे ‘बरे झाले’ लिहिले होते, आणि तेवीस वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी दार ठोठावले म्हणून ते खोडता आले.

आपल्याकडे दार ठोठावतो कोण?

माझ्या मते या विषयातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढची आहे. भारतीय वंशाच्या मुलांत या आजाराचे प्रमाण किती, याचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा बर्मिंगहॅमचा आहे. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात गार्डनर-मेडविन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दर लाख मुलांमागे वर्षाला २०.४ नवे रुग्ण सापडले. गोऱ्या मुलांत १७.८, भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांतील मुलांत २४. म्हणजे आपल्या मुलांची मोजदाद झाली, पण ती तेथे जाऊन राहिलेल्यांच्या मुलांची, आणि तेथील सरकारच्या पैशाने. हा दर तसाच उसना घेऊन हिशेब करू. भारतात पंधरा वर्षांखालची मुले सुमारे ३५ कोटी. लाखामागे २० धरले तरी वर्षाला ७० हजार नवी मुले. त्यांपैकी मूत्रपिंडाला झळ लागलेली सुमारे २४ हजार, आणि कायमची इजा होणारी साडेबाराशेच्या आसपास, दरवर्षी. उसन्या दराने काढलेला हा आकडा दुपटीने चुकीचा असू शकतो, इकडे किंवा तिकडे. तो तपासायचा कसा, हाच तर प्रश्न आहे.

मोजल्यावाचून कळत नाही, हे सुभाषित नव्हे, त्याला इतिहास आहे. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये ताप, पुरळ, लाल ओठ, सोलणारी बोटे असलेल्या ५० मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. तोही मुलांचा रक्तवाहिनीदाह, त्यामागेही कुठला तरी संसर्ग असावा असा दाट संशय, आणि तोही तेव्हा ‘मागे काही न ठेवता बरा होणारा’ मानला गेला. १९७० मध्ये जपानने देशभर पाहणी केली. तेव्हा कळले की बरी होऊन घरी गेलेली, खेळती-बागडती काही मुले अचानक मरण पावली होती, आणि शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत फुगवटे व गुठळ्या सापडल्या होत्या. उपचार न मिळालेल्या दर चार-पाच मुलांमागे एकाच्या धमन्यांना हा विकार होतो, हे आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. मुले पन्नासच पाहिली होती आणि थोडाच काळ पाहिली होती, म्हणून तो आजार सौम्य दिसत होता. जपानने ती पाहणी पुढे दर दोन वर्षांनी चालू ठेवली. आपल्याकडे चंडीगढच्या पीजीआयने एका शहरापुरते हेच व्रत घेतले. तेथे १९९४ नंतरच्या दीड दशकात कावासाकी आजाराचे नोंदलेले प्रमाण लाखामागे अर्ध्यावरून साडेचारपर्यंत चढले. आजार नऊपट वाढला असे कोणी म्हणत नाही. डॉक्टर तो ओळखायला शिकले. चंडीगढच्या मुलांना लाभलेली ही नजर नांदेडच्या किंवा बेळगावच्या मुलांना का नसावी?

मी राहते बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेल्या या सात सेक्टरांच्या वस्तीत पुण्या-नागपूरची, कोल्हापूर-सोलापूरची मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी मोठ्या संख्येने आली आहेत. दर चौकात निदानकेंद्र आहे, दर गल्लीत ‘आरोग्यक्षेत्रात क्रांती’ करणारी एखादी नवी कंपनी आहे. सेंट जॉन्सचे बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रे आहेत, पैसाही आहे. तरी सोसायटीच्या गटावर कोणी मुलाच्या पायांवरचे ठिपके दाखवले तर उत्तरे येतात : ॲलर्जी असेल, कॅलामाइन लावा, डासांनी चावले असेल, आमच्या भाच्याला झाले होते, आठ दिवसांत गेले. मग एका दवाखान्यात ठिपक्यांचे निदान होते, दुसऱ्यात सांधे दाखवले जातात, तिसऱ्या ॲपवर पोटदुखीसाठी सल्ला घेतला जातो, आणि दोन वर्षांनी नोकरी बदलून कुटुंब हैदराबादला जाते. मुलाचे कागद तीन ठिकाणी, तीन ओळखक्रमांकांखाली पडून राहतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू आहे, कोट्यवधी आरोग्य-क्रमांक वाटले गेले आहेत. क्रमांक म्हणजे पाठपुरावा नव्हे. खुंटीला नंबर लावला म्हणून तिच्यावर कोट आपोआप येऊन लटकत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पडदा आहे आणि त्याविषयी आपण बोलत नाही. मुलीला लहानपणी ‘किडनीचे काहीतरी’ झाले होते, ही गोष्ट लग्न जमवताना घरात दाबून ठेवली जाते. आई जाणते, कधीकधी आजी जाणते. मुलीला स्वतःलाही धूसरच आठवते. लग्न होते, गाव बदलते, पहिल्या गर्भारपणात डॉक्टरीणबाई विचारतात, ‘पूर्वी काही मोठा आजार?’ आणि सासूसमोर उत्तर येते, ‘नाही.’ वर दिलेले ४४ पैकी १६ आठवा. फिनलंडमधल्या २००२ च्या अभ्यासातही, आजारानंतर सरासरी २४ वर्षांनी, गर्भारपणातील गुंतागुंत ठळकपणे दिसली आणि तेथील संशोधकांनी अशा स्त्रियांवर अधिक लक्ष ठेवावे असे सुचवले. फिनलंडमध्ये बाईचे बालपण तिच्या कागदांतून तिच्यासोबत चालत येते. आपल्याकडे ते माहेरच्या कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत राहते. या पिशवीला मी सामाजिक दोष म्हणून सोडून द्यायला तयार नाही. ती आपल्या वैद्यकीय संशोधनाची उपकरणत्रुटी आहे.

जिवाणूशी अधिक घट्ट बांधलेला दुसरा प्रकार पाहू. मुलांच्या त्वचेतील पॉलिआर्टेरायटिस नोडोसा हा त्वचेखालच्या मध्यम आकाराच्या धमन्यांचा दाह. पायांवर दुखऱ्या गाठी येतात, कातडीवर जांभळट जाळी उमटते. अनेक मुलांत त्याआधी स्ट्रेप्टोकोकसचा घसा झालेला असतो, आणि पुन्हा घसा धरला की गाठी पुन्हा येतात. म्हणून डॉक्टर संधिवाताच्या तापाचा धडा येथे लावतात : दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन. पण किती वर्षे द्यायचे? पाच? दहा? एकविसाव्या वाढदिवसापर्यंत? संधिवाताच्या तापात या प्रश्नाला उत्तर आहे, कारण तेथे हजारो मुलांचा दशकानुदशके मागोवा घेतला गेला. येथे अनुमानच चालते. इंजेक्शनाचीही गंमत पाहा. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती प्रामुख्याने पेनिसिलिनसाठी. पुढे आपण पेनिसिलिन-जी आंबवणेच सोडून दिले, चीनकडून आणू लागलो, आणि २०२४ मध्ये काकिनाड्याला नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले तेव्हा ती राष्ट्रीय कामगिरी म्हणून वार्ता झाली. झालीच पाहिजे, माझी तक्रार नाही. मात्र ते पेनिसिलिन कोणत्या मुलाला किती वर्षे द्यावे, हे शोधणाऱ्याची वार्ता मी तरी कुठे वाचली नाही.

याच गाठी-जाळीच्या मुलांविषयी २०१४ मध्ये एक धक्का बसला. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये एकाच वेळी दोन शोधनिबंध आले, एक अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून, दुसरा जेरुसलेमच्या गटाकडून. ज्यांना वर्षानुवर्षे पॉलिआर्टेरायटिसचे रुग्ण म्हणून वागवले, त्यांतल्या काहींत एडीए-२ या एकाच विकराचा जन्मजात अभाव होता. त्वचेवरची जाळी ही त्यांची पहिली पाटी. नंतर, कधीकधी पाचव्या-सातव्या वर्षीच, मेंदूत पक्षाघात. २०२१ मध्ये चंडीगढच्या पुढाकाराने भारतातील अशा ३३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, तेव्हा हा परदेशी जमातींचाच आजार आहे हा भ्रम फिटला. आणि उपचार? ओंब्रेलो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १५ रुग्णांचा हिशेब मांडला. टीएनएफ-रोधक औषधाआधी २०७७ रुग्ण-महिन्यांत ५५ पक्षाघात. औषध सुरू झाल्यावर ७३३ रुग्ण-महिन्यांत एकही नाही. विद्यार्थ्यांनो, कागद-पेन घ्या. जुन्या दराने ७३३ महिन्यांत १९ पक्षाघात अपेक्षित होते. अपेक्षा १९ असताना शून्य दिसण्याची शक्यता प्वासाँच्या सूत्राने काढा. निवडीचा कल, आजाराचे स्वाभाविक चढउतार, सगळे वजा घाला. तरीही जे उरते ते इतके ठणठणीत आहे की पंधरा रुग्ण पुरले. पुरले, कारण त्या पंधरांचा प्रत्येक महिना कोणीतरी लिहून ठेवला होता.

रुग्ण-महिना हे एकक माझ्या शाखेला परके नाही. आम्ही टन-वर्षे मोजतो. बंगळूरहून शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २३०० मीटरवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी सहकाऱ्यांसह १४० टनांचे उपकरण १९८० मध्ये चालू केले आणि प्रोटॉन कधी मरतो का याची वाट पाहिली. वाट पाहणे हाच तो प्रयोग. काही घटना संशयास्पद वाटल्या. जगातल्या मोठ्या उपकरणांनी त्या उचलून धरल्या नाहीत. तरी त्या खाणीतल्या वर्षांना कोणी वाया गेलेली वर्षे म्हणत नाही. प्रोटॉनसाठी आपण खाणीत उतरून दशकभर थांबलो. मुलांच्या मूत्रपिंडासाठी थांबायचे म्हटले की प्रकल्पाची मुदत संपते.

मुदतीचा हा मुद्दा गौण नाही. आपल्याकडील संशोधन अनुदान बहुधा तीन वर्षांचे, फार तर पाच. ज्या आजाराचा निकाल पंचविसाव्या वर्षी लागतो, त्याचा अभ्यास तीन वर्षांच्या तुकड्यांत कसा करायचा? तरुण डॉक्टरला दोन वर्षांत निबंध हवा असतो, म्हणून तो ‘आमच्याकडील ४० रुग्णांचे स्वरूप’ लिहितो, आणि ते स्वरूप दर शहरात पुन्हा पुन्हा लिहिले जाते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले, पाच वर्षांत ५० हजार कोटींचे संकल्प झाले. जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले, त्याची मध्यवर्ती संस्था आमच्याच बंगळूरची. मी या दोहोंची टिंगल करणार नाही. जनुकसंच मात्र एका दिवसाचा फोटो असतो. एडीए-२ ची कथा जनुकयंत्राने पूर्ण केली खरी, पण ती सुरू झाली वर्षानुवर्षे त्याच मुलांना पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या वह्यांतून. वही नसेल तर दहा हजार जनुकसंच हे मालक नसलेले फोटो होत.

‘भारतात हे शक्यच नाही’ हा नेहमीचा प्रतिवाद. लोक स्थलांतर करतात, फोन बदलतात, गरिबी आहे, वगैरे. त्याला उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत स्त्रियांची नोंद केली, गर्भारपणाच्याही आधीपासून. त्यांना झालेली मुले सहाव्या वर्षी पाहिली, बाराव्या वर्षी पाहिली, अठराव्या वर्षी पाहिली, आणि ती मुले प्रौढ झाल्यावरही धागा तुटू दिला नाही. भारतीय बाळ वजनाने किडकिडीत पण चरबीने भरलेले असते, आईच्या पोषणातील बी-१२ आणि फोलेट यांचा मुलाच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्याशी संबंध दिसतो, हे जगाला त्या खेड्यांतून कळले. त्यासाठी लागली ती घरोघर जाणारी, नावानिशी ओळख ठेवणारी माणसे. आमच्या विज्ञानपानांवर अशा कार्यकर्त्यांचे छायाचित्र कधी छापून येते का? उपग्रहाच्या प्रक्षेपणाचे येते, आणि मलाही ते आवडते. प्रक्षेपणाला ठरलेली वेळ असते, उलटी मोजणी असते. पाठपुराव्याला उलटी मोजणी नसते, म्हणून तो वार्ता होत नाही, वार्ता होत नाही म्हणून त्याला पैसा मिळत नाही.

दुसरा प्रतिवाद अधिक प्रामाणिक आहे. बाह्यरुग्ण विभागात दिवसाला दोनशे मुले पाहणाऱ्या डॉक्टरवर हे आणखी ओझे कशाला? मान्य. ओझे त्याच्यावर टाकूच नये. उलट काही ओझी उतरवता येतील. उदाहरणार्थ, मूत्रपिंड वाचेल या आशेने सुरुवातीलाच स्टिरॉइड देण्याची रीत. ब्रिटनमध्ये ३५२ मुलांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवड्यांच्या प्रेड्निसोलोनने वर्षअखेरच्या लघवीतील प्रथिनांत काहीही फरक पडला नाही. तीव्र पोटदुखीत स्टिरॉइडला जागा आहे. मूत्रपिंडाचा विमा म्हणून नाही. म्हणजे औषधाची एक चिठ्ठी कमी आणि पट्टीच्या सहा-आठ तपासण्या जास्त, आणि त्या तपासण्या परिचारिका, शाळेतील आरोग्यसेविका, शिकवले तर आईबापही करू शकतात. आईबापांच्या हाती द्यायची एक कागदी घडी पुरे : आजाराचे नाव, सुरू झाल्याची तारीख, सहा महिन्यांच्या तपासण्यांचे रकाने, आणि मुलगी असेल तर मोठ्या अक्षरांत एक ओळ, ‘गर्भारपणात ही घडी डॉक्टरांना दाखवावी.’ मराठीत, कन्नडात, उर्दूत.

तिसरा प्रतिवाद येथील तंत्रज्ञ शेजाऱ्यांचा असेल, तो मी आधीच ऐकते आहे. राष्ट्रीय नोंदवही म्हणजे मुलांवर आयुष्यभर पाळत, विमा कंपन्या ती माहिती वापरतील, स्थळे मोडतील. ही भीती खोटी नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला म्हणून ती संपतही नाही. म्हणून नोंदवही रुग्णालयांच्या जाळ्याकडे असावी, कंपनीकडे नसावी. नाव आणि आजार वेगळ्या कुलपांत असावेत. अठरा वर्षे पूर्ण होताच त्या मुलाला किंवा मुलीला स्वतः विचारावे, राहायचे की निघायचे. पुण्याच्या खेड्यांतली मुले अठराव्या वर्षीही आली, ती कोणी पाळत ठेवली म्हणून नव्हे. इतकी वर्षे कोणीतरी त्यांची चौकशी केली होती, आणि निकाल घरी नेऊन समजावून सांगितले होते.